घराचें दप्तर आणि साधा मजकूर

घराचें ओझें म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें स्वयंपाक, बाजार, धुणींभांडीं आणि मुलांचा अभ्यास उभा राहतो. परंतु या सर्वांच्या मागें आणखी एक ओझें असतें आणि तें सहसा कोणास दिसत नाहीं. तें म्हणजे लक्षांत ठेवण्याचें ओझें. विजेचें बिल कोणत्या तारखेच्या आंत भरावयाचें, आजोबांची रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनीं केव्हां बदलली, पाण्याचा फिल्टर कधीं दुरुस्त केला, धाकट्याची फी कोणाच्या खात्यांतून गेली, सोसायटीचें शेअर सर्टिफिकेट कोणत्या कपाटांत आहे, हें सर्व कोणाच्या तरी डोक्यांत असतें. आठ-दहा माणसें एकत्र नांदत असलेल्या घरांत हें डोकें बहुधा एकच असतें. तें वडिलांचें असेल, नाहीं तर थोरल्या सुनेचें. तें डोकें तापानें फणफणलें, चार दिवस परगांवीं गेलें किंवा कायमचें निघून गेलें, म्हणजे भरलेलें घर एकाएकीं चाचपडूं लागतें.

हें ओझें डोक्यांतून कागदावर उतरविण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. रोजकीर्द, खतावणी, टांचण, टिपण, याद हे शब्दच त्याची साक्ष देतात. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास समर्थांनीं लेखनक्रियेस दिला आहे; अक्षर सुवाच्य असावें, ओळी नेटक्या असाव्या, आरंभींचें वळण शेवटपर्यंत टिकावें, असा त्यांतील उपदेश आहे. उपनगरांतल्या मराठी घरांत भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटींत दुधाचा खाडा आणि गॅसची टाकी लावल्याची तारीख लिहिण्याची रीत तर पुष्कळांच्या परिचयाची आहे. आतां तिच्या जोडीस प्रत्येकाच्या हातीं फोन आला आहे. त्यामुळें कांहीं टिपणें व्हॉट्सॲपच्या संभाषणांत, कांहीं छायाचित्रांत, कांहीं एखाद्या ॲपमध्यें आणि उरलेलीं पुन्हां डोक्यांतच, अशी विखुरलेली स्थिति झाली आहे. लिहिलेलें फार, पण वेळेस सांपडणारें थोडें.

यावर जो उपाय प्रस्तुत लेखकास सर्वांत टिकाऊ वाटतो, तो दिसावयास अगदीं साधा आहे. संगणकावर किंवा फोनवर निव्वळ मजकुराची, ज्यास प्लेन टेक्स्ट म्हणतात अशी, फाइल ठेवावी आणि घरचीं कामें व टिपणें तींत एकेका ओळींत लिहावीं. या फाइलींत अक्षरांवांचून दुसरें कांहीं नसतें. ठळक अक्षर नाहीं, रंग नाहीं, चौकट नाहीं, चित्र नाहीं. तिच्या नांवाच्या शेवटीं ठिपका देऊन टी-एक्स-टी हीं अक्षरें असतात, एवढीच तिची खूण. विंडोजमधील नोटपॅड हें साधन १९८५ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून तिच्या बरोबर येत आहे. अशीं फाइल उघडणारीं साधनें प्रत्येक जातीच्या संगणकावर व फोनवर विनामूल्य मिळतात. त्यांसाठीं वर्गणी नाहीं, खातें उघडणें नाहीं, कोणाची परवानगी नाहीं.

येथें कोणी तरुण वाचक विचारील कीं, यादी करून देणारीं, वेळेवर घंटा वाजविणारीं सुंदर ॲपें असतांना हा दरिद्री वेष कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर असें कीं, ॲपांतील यादी आपण लिहितों, पण ती ठेवतो दुसरा. वंडरलिस्ट नांवाचें कामांच्या याद्यांचें एक लोकप्रिय ॲप होतें. २०१५ सालीं तें मायक्रोसॉफ्टनें विकत घेतलें आणि ६ मे २०२० रोजीं तें बंद झालें. याद्या दुसऱ्या ॲपमध्यें हलविण्याची सोय देण्यांत आली होती, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु ती सोय ज्याच्या लक्षांत आली त्याच्याच उपयोगाची. सत्तरी ओलांडलेल्या ज्या गृहस्थानें आपल्या औषधांची यादी तेथें ठेविली असेल, त्यास सामान हलविण्याची नोटीस कोण वाचून दाखविणार? भाड्याच्या खोलींत घराचें दप्तर ठेवूं नये, एवढेंच आमचें म्हणणें.

लेखनाचें रूप बदललें म्हणजे काय होतें, हें महाराष्ट्रानें एकदां अनुभवलें आहे. पुण्याच्या पेशवे दप्तराची इमारत १८९१ सालची. तेथें मराठी राज्याच्या कारभाराचे लक्षावधि कागद कापडी रुमालांत बांधून ठेविले आहेत. हिशेब आहेत, पत्रें आहेत, यादी आहेत. त्यांतून गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड बाहेर पडले. कागद टिकला, शाई टिकली; परंतु त्यांतील बहुतेक लेखन मोडी लिपींत. ती लिपि विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून उठली आणि दोन पिढ्यांत तिचे वाचक विरळ झाले. आज कित्येक घरांत पणजोबांचें खरेदीखत पेटींत आहे, पण त्यावर काय लिहिलें आहे तें सांगावयास मोडीचा जाणकार शोधावा लागतो. मजकूर हरवला नाहीं, त्याचा वाचक हरवला. घरच्या टिपणांसाठीं रूप निवडतांना प्रश्न एकच विचारावयाचा : आणखी वीस वर्षांनीं हें कोण वाचूं शकेल?

संगणकावरील मराठीनें तर हा फेरा एकाच पिढींत पाहिला. आरंभींच्या काळांत मराठी लिहिण्यासाठीं कृतिदेव, श्री-लिपि, आकृति यांसारखे टंक वापरीत. त्या काळच्या अडचणींतून तो एक मार्ग निघाला होता आणि त्यावर कितीतरी पुस्तकें छापून निघालीं. परंतु तशा टंकांत लिहिलेल्या फाइलीच्या पोटांत मराठी अक्षर नसे. तेथें इंग्रजी अक्षरें व चिन्हेंच सांठविलेलीं असत आणि टंक त्यांस देवनागरीचा पोशाख चढवी. प्रत्येक टंकाची बाराखडी निराळी. टंक गेला कीं पोशाख गेला आणि खालीं इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गलबला उरला. अशा फाइलींत 'विमा' हा शब्द शोधूं म्हटलें तरी तो सांपडत नाहीं, कारण तो शब्द तेथें नसतोच.

युनिकोड या जागतिक संकेतानें हा गोंधळ मिटविला. त्याच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीस १२८ जागांची स्वतंत्र ओळ मिळालेली आहे आणि तिची मांडणी भारतीय मानकाच्या आधारें केलेली आहे. त्यांत प्रत्येक वर्णास कायमचा अंक आहे. 'क' चा अंक २३२५. तो अंधेरीच्या संगणकावर तोच आणि अमेरिकेंतील नातवाच्या फोनवरहि तोच. संस्कृत शिकलेल्या मनुष्यास यांत एक विशेष आनंद आहे. 'क्ष' हें जोडाक्षर तेथें एक चित्र म्हणून ठेवीत नाहींत. क, पाय मोडल्याची खूण आणि ष, म्हणजे २३२५, २३८१ व २३५९, अशा क्रमानें सांठवितात आणि जोडणी दाखवितांना करतात. वर्गांत फळ्यावर जोडाक्षराची फोड करून दाखवावी, तसेंच हें झालें. इन्स्क्रिप्ट नांवाच्या कळफलकावर डाव्या हातीं स्वर व मात्रा आणि उजव्या हातीं व्यंजनें मांडलेलीं आहेत. क आणि ख, ग आणि घ एकेका कळीवर आहेत. ज्यास वर्णमाला ठाऊक आहे त्यास तो आठवड्याभरांत साधतो. ज्यांस टंकन नकोसें वाटतें त्यांनीं फोनवर बोलून लिहावें आणि मग एकदां नजरेखालून घालावें.

एक सावधगिरी मात्र अवश्य ठेवावी. फाइल जतन करतांना संकेत म्हणून यूटीएफ-८ निवडलेला असावा. २०१९ नंतरच्या विंडोजमध्यें नोटपॅड तो आपण होऊन निवडतें. त्यापूर्वींच्या आवृत्त्यांत तो प्रत्येक वेळीं निवडावा लागे. तेथें नुसतें 'आन्सी' राहिलें आणि पडद्यावरील इशाऱ्याकडे दुर्लक्ष झालें, तर सर्व मराठी अक्षरांच्या जागीं प्रश्नचिन्हें येऊन बसतात आणि तीं पुन्हां अक्षरें होत नाहींत. घरांत जुना संगणक असेल तर प्रथम दोन ओळी लिहून, फाइल बंद करून, पुन्हां उघडून पाहावी.

आतां प्रत्यक्ष रीत. आमच्या मतें घरास तीन फाइली पुरतात. पहिलीचें नांव 'कामें', दुसरीचें 'टिपणें' आणि तिसरीचें 'ठेवा'. पहिलींत करावयाच्या गोष्टी, दुसरींत झालेल्या गोष्टींची नोंद, तिसरींत कोणती वस्तु व कोणता कागद कोठें आहे याची माहिती. कामांच्या फाइलीचा नियम असा कीं, एका ओळींत एकच काम. जीना त्रपानी या अमेरिकन लेखिकेनें २००६ सालीं साध्या मजकुराच्या यादीची जी पद्धति प्रचारांत आणिली तिचाहि पाया हाच आहे. आपल्या घरासाठीं ओळीच्या आरंभीं तारीख, मग करणाराचें नांव आणि नंतर काम, हा क्रम सोयीचा पडतो :

२०२५-०८-१० अण्णा : गणपतीची मूर्ति सांगून ठेवणें
२०२५-०९-१५ वहिनी : सोसायटीचा मेंटेनन्स भरणें
२०२५-११-०५ नाना : आजोबांसह बँकेंत जाऊन हयातीचा दाखला देणें
झालें २०२५-०७-०६ नाना : पाण्याच्या फिल्टरची कांडी बदलली

तारखेंत वर्ष प्रथम, मग महिना, मग दिवस लिहिण्याचें कारण असें कीं, ओळी क्रमानें लाविल्या म्हणजे त्या आपोआप कालानुक्रमानें बसतात. काम झालें कीं ओळ पुसावयाची नाहीं. तिच्या आरंभीं 'झालें' एवढाच शब्द लिहावयाचा आणि महिनाअखेर अशा ओळी उचलून टिपणांच्या फाइलींत टाकावयाच्या. पुसलेलें काम विसरलें जातें, परंतु नोंदलेलें काम पुढील वर्षीं मार्गदर्शक होतें. गेल्या वर्षीं मूर्ति केव्हां सांगितली, श्रावणांतल्या सत्यनारायणास किती माणसें जेवलीं, रंगाऱ्यानें किती दिवस लाविले, हें सर्व न विचारतां समजतें.

करावयाचें काम क्रियापदानें लिहावें. 'वीज' असें लिहिणें पुरें नाहीं. 'विजेचें बिल भरणें' असें लिहावें. अंधेरी-बोरिवलीकडे वीज देणारी कंपनी एक आणि मुलुंड-भांडुपकडे महावितरण. ज्यांचीं दोन घरें दोन उपनगरांत आहेत त्यांनीं ओळींत तेंहि लिहावें. वैयाकरणांस अर्धी मात्रा वांचविण्यांत जो संतोष वाटे तो येथें अवश्य घ्यावा, पण अर्थ वांचविल्यावर! जी ओळ केवळ लिहिणारासच समजते ती अपुरी समजावी. सून लिहील तें सासऱ्यास आणि आजी सांगेल तें नातीस कळलें पाहिजे.

टिपणांच्या फाइलीचा खरा लाभ शोधतांना कळतो. आजोबांचा रक्तदाब रोज एका ओळींत लिहिला असेल तर कंट्रोल व एफ या कळा दाबून 'रक्तदाब' हा शब्द शोधावा. वर्षाच्या सर्व नोंदी एकामागून एक समोर येतात आणि डॉक्टरांपुढें "बहुतेक ठीक असतो हो" असें मोघम सांगण्याची पाळी येत नाहीं. मात्र शब्द नेहमीं एकच वापरावा. आज 'रक्तदाब' आणि उद्यां 'बीपी' लिहिलें तर शोध अर्धवट राहतो. नोटपॅडमध्यें एफ-५ ही कळ दाबली असतां त्या क्षणाची तारीख व वेळ आपोआप उमटते. आकाराची तर काळजीच नको. यूटीएफ-८ मध्यें देवनागरीच्या एका वर्णास तीन बाइट जागा लागते. चाळीस वर्णांच्या दहा ओळी रोज लिहिल्या तरी वर्षाकांठीं साडेचार लाख बाइट होत नाहींत. फोननें काढलेलें एक छायाचित्र बहुधा याहून मोठें असतें.

पोथी लिहून झाल्यावर जुने लिपिकार शेवटीं वाचकास विनवीत कीं, पोथीस तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा आणि ती अजाण माणसाच्या हातीं देऊं नका. हीं भयें आजहि तींच आहेत. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हें उपनगरवासीयांस सांगावयास नको. तळमजल्यावरील कितीतरी घरांत त्या रात्रीं कपाटांच्या खालच्या खणांतील कागदांचा लगदा झाला. संगणकहि पाण्यांत तसाच बुडतो. म्हणून प्रत एक नसावी. एक संगणकावर, एक फोनवर आणि एक पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या उपनगरांतील लेकीच्या घरीं असावी. घाटकोपरास पाणी भरलें तरी बोरिवलीची प्रत कोरडी राहील. शिवाय वर्षांतून दोन वेळां, गुढीपाडव्यास व दिवाळीच्या पाडव्यास, तिन्ही फाइली कागदावर छापून घराच्या दप्तरांत ठेवाव्या. व्यापारी ज्या दिवशीं नवी वही घालतात त्या दिवशीं गृहस्थानेंहि नव्या वर्षाची फाइल उघडावी, हें औचित्यास धरूनच होईल.

या पद्धतीच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. साधी फाइल घंटा वाजवीत नाहीं. ती कोणी तरी उघडून वाचावी लागते. म्हणून रविवारीं सकाळीं चहाच्या वेळीं आठवड्याच्या ओळी मोठ्यानें वाचण्याची शिस्त घरानें लावून घ्यावी. गोळीच्या वेळेस मात्र फोनचा गजर लावावाच. दुसरें असें कीं, एकच फाइल दोघांनीं एकाच वेळीं दोन फोनांवर सुधारली तर एकाची सुधारणा दुसऱ्याच्या खालीं पुसली जाण्याचा संभव असतो. म्हणून दर महिन्यास घरांतील एकानें लेखनिक व्हावें आणि इतरांनीं त्यास सांगावें. मुलांस ही पाळी दिली तर त्यांचें शुद्धलेखनहि सुधारेल.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. साधा मजकूर कोणासहि वाचतां येतो, हा त्याचा गुण आहे आणि तोच धोका आहे. म्हणून त्यांत बँकेचा पासवर्ड, पिन अथवा आधार क्रमांक कधींहि लिहूं नये. 'ठेवा' या फाइलींत केवळ एवढेंच असावें : कोणत्या बँकेच्या कोणत्या शाखेंत ठेव आहे, पावती कोठें आहे, नामनिर्देशन कोणाचें आहे, विमा कोणत्या कंपनीचा आहे. ही फाइल म्हणजे मृत्युपत्र नव्हे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानें मृत्युपत्रास करणाराची स्वाक्षरी व दोन साक्षीदार लागतात. फाइल फक्त वाट दाखविते.

परंतु ती वाट नसल्यामुळें काय होतें पाहा. दहा वर्षें कोणी न विचारलेल्या बँकेंतील ठेवी रिझर्व्ह बँकेनें २०१४ सालीं स्थापिलेल्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग होतात. वारसांस त्या मागतां येतात; पण मागण्यासाठीं ठेव आहे हें आधीं ठाऊक तर पाहिजे! अशा ठेवी शोधतां याव्या म्हणून रिझर्व्ह बँकेस ऑगस्ट २०२३ मध्यें 'उद्गम' नांवाचें संकेतस्थळ उघडावें लागलें. ज्यांनीं पोटास चिमटा घेऊन पैसा सांठविला त्यांनींच एक ओळ लिहिण्याचा आळस केला किंवा संकोच केला. "आत्तांपासून काय मरणाच्या गोष्टी?" असें म्हणून वडील मंडळी विषय टाळतात आणि विचारणें बरें दिसणार नाहीं म्हणून मुलें गप्प बसतात. ओळ लिहिलेली असली म्हणजे कोणास बोलावें लागत नाहीं आणि कोणास विचारावें लागत नाहीं.

शेवटीं एका गोष्टीकडे घरांतील पुरुषवर्गाचें विशेष लक्ष वेधावयाचें आहे. कामांची यादी नांवानिशीं लिहूं लागलें म्हणजे पहिल्याच महिन्यांत एक चमत्कार दिसतो. आपण समजत होतों तशी कामें वांटलेलीं नाहींत. एकाच नांवापुढें ओळींमागून ओळी येतात आणि तें नांव बहुधा घरांतील सुनेचें असतें. कित्येकदां ती स्वतः नोकरी करून लोकलच्या गर्दींतून सातास घरीं येणारी असते. डोक्यांतल्या ओझ्यास वजन नसतें असें आपण धरून चालतों. तें ओळींत उतरलें म्हणजे मोजतां येतें, आणि मोजलेलें ओझें वांटून घेण्यास कोणासहि लाज वाटूं नये. दीर वीजबिल घेईल, सासरे वाण्याची यादी घेतील, कॉलेजांतला मुलगा आजीला डॉक्टरांकडे नेईल. एकत्र कुटुंब एका छपराखालीं राहिल्यानें होत नाहीं. एकमेकांचें लक्षांत ठेवल्यानें होतें.

तेव्हां वाचकहो, यासाठीं मुहूर्त पाहूं नये आणि नवें यंत्रहि विकत घेऊं नये. घरीं जें साधन असेल त्यावर एक कोरी फाइल उघडावी, घरांतील सर्वांत वडील माणसास शेजारीं बसवावें आणि त्यांच्या डोक्यांत जें जें आहे तें त्यांच्याच शब्दांत, एकेका ओळींत, स्वच्छ देवनागरींत उतरवून घ्यावें. पहिल्या दिवशीं दहा ओळी झाल्या तरी पुष्कळ. उरलेल्या पुढच्या रविवारीं.